पुराचा पेपर

‘उन्हाळ्यात आळशी. पावसाळ्यात घाबरट. दुसऱ्याच्या वहीत डोकावत नाही, ही जमेची बाजू. वर्तणूक : बरी.’

हा शेरा कुणा पोराच्या प्रगतिपुस्तकातला नाही. नोकरीला लागल्यावर मी बनवलेल्या पहिल्या मॉडेलला मिळालेला आहे. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमधली नदी. वर डोंगरात अमुक इतका पाऊस पडला तर खाली पुलापाशी पाणी किती येईल आणि कधी येईल, हे ती गणित करून सांगते. अशा नद्या बनवणं हा आमच्या कंपनीचा धंदा, आणि त्या खऱ्या नदीसारख्या वागतात की नाही हे तपासणं हे मास्तरांचं काम. शेरा लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकानं लिहिलेला होता आणि खाली ‘पालकांची सही’ म्हणून जागा सोडली होती. मॉडेलची पालक मी. मी मुकाट्यानं सही केली आणि ते प्रगतिपुस्तक घाटकोपरला घरी नेऊन बाबांना दाखवलं. बाबांची सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून झाली. त्यांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला आणि म्हणाले, “वर्तणूक बरी आहे ना? मग बाकीचं येईल.”

मास्तरांनी जन्मात कुठल्या वर्गावर शिकवलं नव्हतं. सरकारी खात्यात नद्यांचं पाणी मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर दोन महिने ते घरात बसले आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी सोसायटीची टाकी किती वाजता रिकामी होते, कुठल्या मजल्यावर पाणी जास्त उडतं, याचे तक्ते लिफ्टपाशी लावले. दोन कुटुंबांनी त्यांच्या बायकोशी, म्हणजे काकूंशी, बोलणं टाकलं. तेव्हा काकूंनीच त्यांना आमच्या बॉसच्या हवाली केलं. बॉस हा काकूंच्या मैत्रिणीचा मुलगा, मुलुंडचा. तो त्यांना तोंडावर मास्तर म्हणायचा, आम्ही पाठीमागे.

अंगानं किरकोळ माणूस. पांढरा फुलशर्ट, आणि पँटच्या तळाला बारा महिने दोन घड्या, कुठल्याही क्षणी पाण्यात उतरायचं असल्यासारख्या. पायात रबरी सँडल. अंधेरी पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. एका बाजूला शर्ट शिवायचं युनिट, दुसऱ्या बाजूला डबिंगचा स्टुडिओ. तिथे कुठल्यातरी सीरियलमधली सासू रोज अकराच्या सुमारास रडायची. मास्तर घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, “आज चार मिनिटं उशिरा आली.”

मॉडेल किती चांगलं जमलंय याचा कॉम्प्युटर एक आकडा देतो. तो आकडा एकच्या जवळ गेला की आम्ही खूश. मास्तर त्या आकड्यावर आधी बोट ठेवून तो झाकून टाकायचे. “एका आकड्यात नदी मावते का गं?” त्यांनी शंभर मार्कांची वाटणी स्वतः केली होती. उन्हाळ्यातल्या पाण्याला तीस, पुराला तीस, पाणी वेळेवर आलं का याला वीस, आणि वर्तणुकीला वीस. वर्तणूक म्हणजे काय, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“बरोबर उत्तर बरोबर कारणानं आलं का, ते. गणित चुकीचं आणि उत्तर तेवढं बरोबर, असल्या पोराची मला भीती वाटते.”

त्यांच्या कॉम्प्युटरवर एक मॉडेल होतं, त्यांनी स्वतः केलेलं. त्याचं नाव ‘येडा’. येड्याला पाऊस, डोंगर, माती यातलं काही कळत नसे. आज नदीत जेवढं पाणी आहे तेवढंच उद्या असेल, एवढं एकच वाक्य त्याला यायचं. कुठलंही नवीन मॉडेल आलं की त्याची पहिली कुस्ती येड्याशी. एकदा बाहेरच्या मोठ्या कंपनीचे दोघे आपलं मॉडेल घेऊन आले. रंगीत, गोल फिरणारं, पाण्यावर झाडांच्या सावल्या पाडणारं. मास्तरांनी सगळं शांतपणे बघितलं, “सावल्या झकास आहेत” म्हणाले आणि पाच मिनिटांत ते येड्यासमोर उभं केलं. हिवाळ्याच्या चारही महिन्यांत येडा जिंकला. पाहुण्यांना चहा देताना मास्तर त्यांची समजूत घालत होते. “वाईट वाटून घेऊ नका हो. हिवाळ्यात येडा भल्याभल्यांना ऐकत नाही.”

प्रगतिपुस्तकं फक्त मॉडेलांची नव्हती. ऑफिसातून बोरिवलीला घरी जायला किती मिनिटं लागतील असं फोनमधला नकाशा सांगतो, ते लिहायचं, आणि पोचल्यावर खरी किती लागली ते. त्या नकाशाला शेरा होता : ‘सकाळी हुशार. गोरेगावच्या पुढे भाबडा.’ हवामानखात्याचं एक होतं. समोरच्या डोसेवाल्याचं एक होतं, कारण तो “दो मिनिट” म्हणायचा. काकू हे सगळं सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. “माझं मात्र काढायची हिंमत झाली नाही अजून,” म्हणायच्या.

आणि मग तो डबा. स्टीलचा, चकलीचा, वर बारीकसं कुलूप. त्यात एक पेन ड्राइव्ह. डब्यात का, असं विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “मुंग्या लागतात.” खरं कारण वेगळं होतं. मॉडेल बनवताना त्याला नदीची जुनी वर्षं दाखवावी लागतात. एवढा पाऊस पडला तेव्हा एवढं पाणी आलं, हे बघून बघून ते शिकतं. मग ते शिकलंय की नुसतं घोकलंय, हे कसं कळणार? म्हणून काही वर्षं मास्तर आधीच काढून डब्यात कुलूपबंद करायचे. मॉडेल तयार झालं की परीक्षेच्या दिवशी ती बाहेर काढायची. तोवर कोणी बघायची नाहीत. “पेपर फोडायचा नाही,” हा त्यांचा ऑफिसातला एकमेव नियम. बाकी तुम्ही बारा वाजता या, खुर्चीवर मांडी घालून बसा, त्यांची हरकत नसे. तो डबा आता माझ्या कपाटात आहे.

बोरिवलीत त्यांच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर दहिसर नदी वाहते. तिच्या काठच्या भिंतीवर मास्तरांनी ब्रश घेऊन स्वतः मोजपट्टी रंगवली होती, पांढऱ्यावर काळे आकडे. रोज सकाळी आठ वाजता तिथे उभं राहायचं, पाणी कुठल्या आकड्यापर्यंत आहे ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ते आकडे मागत नव्हतं. रिटायर झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. मुलीच्या लग्नात मुहूर्त जवळ आला आणि नवरीचा बाप कुठे दिसेना. शोधाशोध झाली, तर गृहस्थ नवं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून नदीवर. गावाला जायचं असलं की नदीकाठच्या चहावाल्यावर काम सोपवलेलं असायचं. तोही बिचारा इमानानं फोटो काढून पाठवायचा आणि वर फोन करायचा, “काका, आज डेढ फूट.”

मी एकदा त्यांना म्हटलं, “सर, एखादा दिवस राहिला तर काय बिघडतं? आदल्या आणि नंतरच्या दिवसावरून मधला आकडा काढता येतो की.”

मास्तर सहसा चिडत नसत. त्या दिवशी चिडले. “वहीत फक्त बघितलेलं लिहायचं. नाही बघितलं तर जागा कोरी सोडायची. कोरी जागा खोटं बोलत नाही.” मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर न बोलता एक पेरू ठेवला, तेव्हा भांडण मिटलं असं मी समजले.

ह्यानंतर वर्षभरानं कोकणातल्या एका नदीचं काम माझ्याकडे आलं. माझं एकटीचं पहिलं काम. नदीच्या काठी खाली एक गाव आहे. वर घाटात किती पाऊस झाला की गावात किती पाणी चढेल, आणि किती पाण्याला गावात भोंगा वाजवून लोकांना वर हलवायचं, हे माझ्या मॉडेलवरून ठरणार होतं. मी तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते. मॉडेल पास झालं की नोकरी पक्की, असं बॉसनं सरळ सांगितलं होतं. “मास्तरांची सही आण फक्त. तुझं लेटर टाइप करून ठेवलंय यार.”

परीक्षेसाठी मास्तरांनी तीन वर्षं काढून डब्यात ठेवली. त्यात चाळीसएक वर्षांपूर्वीचं एक वर्ष होतं, त्या नदीला सगळ्यात मोठा पूर आला होता ते. ऑफिसातले जुने लोक म्हणाले, ह्या नदीचं मॉडेल आलं की मास्तर तेच वर्ष पेपरात टाकतात. आधीची दोन मॉडेलं त्याच पुरात आपटली होती. एकाला तर पूर आलाय हेच कळलं नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे असताना मास्तरांच्या जुन्या सरकारी खात्यातल्या एका क्लार्कचा मला मेल आला. पूर्वीची फाइल नीट उघडत नसेल म्हणून पुन्हा पाठवत आहे, असं त्यानं लिहिलं होतं. फाइलमध्ये नदीचं पाणी लिहायच्या नोंदवहीची सगळी वर्षं होती. डब्यातलीसुद्धा.

मी ती उघडायला नको होती. मी उघडली.

नुसतं बघू, म्हणून मी पुराच्या वर्षाचा पाऊस मॉडेलमध्ये घातला. मॉडेल म्हणालं, पाणी अकरा पॉइंट दोन मीटरपर्यंत चढलं असणार. नोंदवहीत होतं आठ पॉइंट चार. माझं मॉडेल नापास होणार हे मला तीन आठवडे आधी कळलं होतं, आणि असं कळल्यावर स्वस्थ बसण्याइतकी मी शहाणी नव्हते. मॉडेलमध्ये माती किती पाणी पिते, उतार किती, झाडं किती, अशा बऱ्याच किल्ल्या असतात. मी चार दिवस त्या पिळत बसले. घाटातल्या काळ्या कातळाला मी पाणी प्यायला लावलं. शेवटी आठ पॉइंट चार आले. नुसता माथाच नाही, पुराची चढण आणि उतरणही नोंदवहीबरहुकूम आली. मी स्वतःला सांगितलं, मॉडेल सुधारलं.

परीक्षा शनिवारी होती. मास्तरांनी सगळ्यांसमोर डब्याचं कुलूप काढलं. मॉडेलची रेघ लाल, खऱ्या नदीची निळी. दोन्ही ट्रेसिंग पेपरवर काढून ते एकावर एक खिडकीच्या काचेला लावायचे, ही त्यांची पद्धत. पुराच्या वर्षी लाल रेघ निळीवर अशी बसली की दोन रेघा आहेत हे सांगावं लागलं असतं. कॉम्प्युटरच्या हिशेबानं चौऱ्याण्णव टक्के. असं आमच्या ऑफिसात कधी झालं नव्हतं. बॉसनं टाळ्या वाजवल्या, जिलबी मागवली, पलीकडे सीरियलमधली सासू नेमकी रडायला लागली आणि सगळे हसले.

मास्तर खिडकीपाशीच उभे होते. जुळलेल्या रेघांवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. मग दोन्ही कागद काढले, गुंडाळले आणि पिशवीत ठेवले.

“मास्तर, सही?” बॉस म्हणाला.

“सोमवारी बघू.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू उद्या सकाळी आठला नदीवर ये.”

त्या संध्याकाळी मी बाबांना चौऱ्याण्णवबद्दल काहीच सांगितलं नाही. डबा भरून जिलबी घरी नेली होती, ती कसली म्हणून आईनं विचारलं तर म्हटलं, कोणाचातरी वाढदिवस होता.

रविवारी आठला मास्तरांनी आधी पाणी वाचलं, वहीत लिहिलं, चहावाल्याला दोन कटिंग सांगितले. मग भिंतीवर टेकून म्हणाले, “परीक्षेत कॉपी कशी पकडतात, माहीत आहे?”

मी मोजपट्टीवरचे आकडे वाचू लागले.

“बरोबर उत्तरावरून नाही पकडता येत. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. पकडतात ती चुकीच्या उत्तरावरून. दोघांची चूक तंतोतंत सारखी निघाली की समजायचं.” त्यांनी पिशवीतून निळ्या रेघेचा कागद काढला. “पूर चढताना धावत चढतो गं, आणि उतरतो रमतगमत. कुठलीही नदी घे. आता हा बघ. चढायला दीड दिवस आणि उतरायलाही बरोबर दीड दिवस. पालथी घातलेली परात. असा पूर नदी आणत नाही. असा पूर माणूस टेबलावर बसून काढतो.”

“म्हणजे नोंदवहीच खोटी आहे? कोणी लिहिली, सर?”

“मी.”

चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. मास्तरांनी आपला उचलला नाही.

“तेव्हा त्या नदीवर निरीक्षक मीच होतो, पण ते तीन दिवस मी नदीवर नव्हतो. परत आल्यावर बसून आकडे भरले. तुझ्या मॉडेलनं पाऊस बघून उत्तर काढलं असतं, तर हे आलंच नसतं. हे जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या वहीत. तिथूनच तू उचललंस.”

मला रडू फुटलं. क्लार्कचा मेल, ती फाइल, चार दिवस पिळलेल्या किल्ल्या, सगळं मी तिथेच सांगून टाकलं. चहावाला बघत होता, पण आता लाज कोणाची धरणार? मास्तरांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी भलतंच विचारलं.

“किल्ल्या पिळायच्या आधी काय म्हणत होतं मॉडेल?”

“अकरा पॉइंट दोन.”

“अकरा दोन,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, “अकरा दोन.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी ते जवळजवळ हसत होते. “ज्याच्या त्याच्या हातात मी तो पेपर दिला. वाटायचं, कोणीतरी खरं उत्तर घेऊन येईल. तू आणलं होतंस. आणि खोडून टाकलंस!”

मग मला घरी नेलं. काकूंनी पोहे पुढे ठेवले आणि आमचे चेहरे बघून काय झालं म्हणून विचारलं. मास्तर पोह्यांकडे बघत म्हणाले, त्या मोठ्या पुराबद्दल बोलत होतो.

“तो पूर?” काकू उजळल्याच. “अगं, त्या पुरात तर हे आमच्याकडे होते! मला बघायला आले होते तालुक्याला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलोय म्हणाले. आणि रस्ताच बंद झाला. तीन दिवस! आईनं पहिल्या दिवशी भजी केली, दुसऱ्या दिवशी घावणे केले. तिसऱ्या दिवशी घरातलं सगळं संपलं, पिठलं केलं, तर हे म्हणतात कसे, पिठलं सगळ्यात छान झालंय. बाबा म्हणाले, पोरगा चांगला आहे, देऊन टाकू.” बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. “म्हणजे तेव्हा वहीत तुम्ही नदीवर होतात?”

“हो.”

“आणि चाळीस वर्षांत मला सांगितलं नाहीत?”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“मी का विचारू? मला काय माहीत, नदी कोणाच्या भरवशावर सोडून आलात ते!”

मास्तरांनी उरलेलं सांगितलं ते दोघींनाही. ते परत गेले तेव्हा पाणी उतरलं होतं. काठावरच्या जांभळीच्या पार वरच्या फांदीला पुराचं गवत अडकलेलं दिसत होतं, म्हणजे पाणी खूप वर गेलं होतं. पण मोजपट्टी नऊ मीटरची. त्याच्या वरचा आकडा लिहिला असता तर साहेबांनी विचारलं असतं, पट्टी बुडाल्यावर वाचलंस कसं. म्हणून आठ पॉइंट चार. कच्चं लग्न, कच्ची नोकरी, भीती वाटली. पुढे प्रत्येक पावसाळ्यात वाटायचं, सांगावं. मग बदली झाली, मग बढती, आणि सांगायचं राहिलं. रिटायर झाल्यावर टेप घेऊन एकटेच त्या गावी गेले, निदान जांभळीची उंची मोजावी म्हणून. जांभूळ तोडलेली होती.

मला तेव्हा त्यांची ती रोजची आठ वाजताची वही कळली. त्यांचा रागसुद्धा कळला. मी त्यांना सनकी समजत होते याची मला फार लाज वाटली.

निघताना ते दारापर्यंत आले. “उद्या माझं मी सांगणार. तुझं तू ठरव.”

सोमवारी मास्तरांनी बॉसला सगळं सांगितलं. बॉसनं ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. “मास्तर, चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे यार. ते वर्ष गुपचूप गाळून टाका ना. दुसरं एखादं घ्या. कोणाला कळतंय?”

“मला.”

“अहो पण…”

“त्या गावाचा भोंगा ह्या वहीवरून लागणार आहे. आठ मीटरचा पूर धरून वाजवला, आणि पाणी अकराला गेलं, तर लोक घरात असताना पाणी दारात येईल. इतकी वर्षं तसा पूर परत आला नाही, म्हणून मी झोपू शकलो.”

नोंदवहीच्या त्या पानाची प्रत त्यांच्यासमोर होती. पेन्सिलीच्या लाल टोकानं त्यांनी तीन दिवसांच्या आकड्यांवर एक सरळ तिरपी रेघ मारली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘निरीक्षक गैरहजर.’ खाली पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, सही. मग मी माझं सांगितलं. बॉसनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“म्हणजे दोघंही? वाट लागली.”

माझं लेटर त्याच्या ड्रॉवरमध्येच राहिलं. मास्तरांचं पत्र खात्याकडे गेलं. आठ दिवस काही उत्तर आलं नाही आणि त्या आठ दिवसांत मास्तर रोज वेळेवर ऑफिसात येत होते, येड्याशी कुस्त्या लावत होते, माझ्या टेबलावर पेरू ठेवत होते. मग खात्यातल्या एका तरुण अधिकारी बाईंचा फोन आला. बॉसनं स्पीकरवर टाकला. त्यांनी मास्तरांचं पत्र मिळाल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, “सर, बाकीचं आपण बघू. खरं पाणी किती होतं, ते कळेल का?”

“मोजून सांगतो,” मास्तर म्हणाले.

दोन महिन्यांची मुदत मिळाली. मी किल्ल्या होत्या तशा पहिल्या जागी आणल्या, कातळ पुन्हा कातळ केला. त्या मॉडेलला मास्तरांनी शेवटी एक्काहत्तर मार्क दिले. पुराला तीसपैकी सत्तावीस. वर्तणुकीत वीसपैकी अकरा, आणि शेरा : ‘एकदा कॉपी केली. स्वतः सांगितलं.’ माझी नोकरी पक्की झाली ती त्यानंतर वर्षभरानं. बाबांना मी ते प्रगतिपुस्तक दाखवलं आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी अकरावर बोट ठेवून विचारलं, “हे कमी नाही ना दिलेत?” मी म्हटलं, नाही, बरोबर दिलेत. पण हे नंतरचं.

त्या गावी आम्ही तिघं गेलो. “माझ्यामुळे झालंय, मी येणार,” म्हणून काकू गाडीत आधीच बसल्या होत्या. गावात आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो, त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? बहुतेकांचं बोट हवेत कुठेतरी जायचं. उतारावरच्या एका घरात एक आजी होत्या, पाठीत वाकलेल्या. त्यांनी आम्हाला आत नेलं आणि जुन्या दगडी भिंतीतली एक लाकडी खुंटी दाखवली. “हयसर पाणी इला. ह्या खुंटीक टोपली होती माझी, ती तेवढी सुकी ऱ्हवली.” टोपलीचा तळ कुठे यायचा तेही त्यांनी दाखवलं, पाणी त्याच्या बोटभर खाली. घर तेच, भिंत तीच, खुंटी तीच. मास्तरांनी खुंटीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या भिंतीपासून नदीवरच्या मोजपट्टीपर्यंत उंची काढायला आम्हाला लेव्हलचं यंत्र लावून अख्खी दुपार गेली. उतार घसरडा होता, मास्तरांचे गुडघे दुखत होते. मी बघते म्हटलं तर ऐकेनात. प्रत्येक आकडा स्वतः डोळा लावून वाचला, मला ओरडून सांगितला, पुन्हा वाचला. शेवटची बेरीज मी केली. दहा पॉइंट नऊ. मॉडेलनं सांगितलं होतं त्याच्या फूटभर खाली. आता गावाचा भोंगा त्या हिशेबानं वाजतो.

मास्तर मोजपट्टीच्या पायरीवर बसले. पँटच्या घड्यांना चिखल लागला होता. त्यांनी पिशवीतून पानाची ती प्रत काढली, ‘निरीक्षक गैरहजर’ लिहिलेली, आणि पेन्सिल उलटी करून निळं टोक पुढे घेतलं. काकू त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या.

‘पाणी : १०.९. वाचनास चाळीस वर्षं उशीर. निरीक्षक हजर.’

“झालं?” काकूंनी विचारलं.

“झालं.”

“मग उठा आता. भजी करते घरी गेल्यावर.”